सात समूहांना एकच दार

एकदा एका बियाण्यांच्या व्यापाऱ्याकडे एक वृद्ध संगणकतज्ज्ञ होता. तिथला सारा व्यवहार कंटेनरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या लहान बंद डब्यांत चाले. या डब्यांचे सात समूह होते आणि प्रत्येकाची लॉगिनची यादी वेगळी. कटकट नको म्हणून वृद्धाने सातही ठिकाणी ‘अॅडमिन’ हे एकच नाव नि एकच पासवर्ड ठेवला आणि तो नऊ जणांना वाटून टाकला. याला तो विश्वास म्हणे. थोर माणसं आळसाला फार चांगली नावं देतात.

पेरणीच्या तोंडावर तिसऱ्या समूहातल्या सगळ्या ऑर्डरी कोणीतरी पुसल्या. राखीव प्रतीवरून त्या परत आल्या, पण व्यापाऱ्याला माणूस हवा होता. नोंदीत एवढंच दिसलं, की ‘अॅडमिन’ने पुसलं. त्या नऊ जणांत वृद्धाची शिष्या सगळ्यांत नवी. तेव्हा तिलाच काढा, असं ज्येष्ठांचं ठरलं. तेवढ्याला चहा संपेपर्यंतही वेळ लागला नाही.

वृद्ध संगणकापाशी बसला. त्याने शिष्येच्या नावाने सगळे अधिकार असलेला एक लॉगिन उघडला आणि सातही समूहांतून ‘अॅडमिन’ कायमचा काढला. स्वतःसाठी काहीच ठेवलं नाही.

“अहो, जिला काढायचं तिच्याच हाती चाव्या?” व्यापारी म्हणाला.

“शेठ, नऊ जणांनी एकच मुखवटा घातला, की नोंदीत मुखवटाच उमटतो. तो मुखवटा मी वाटला. पुसणारा सापडत नाही याचा अर्थ हिने पुसलं असा नव्हे. मी नोंदच ठेवली नाही, असा आहे. काढायचंच तर मला काढा.”

कोणालाच काढलं नाही. पंधरा दिवसांत शिष्येने सात याद्या मोडून ओळख पटवण्याचं एकच दार उभारलं. माणसाने तिथे आपल्या नावाने यावं. कोणाला कुठवर सोडायचं, हे प्रत्येक समूह त्या दाराला विचारी. याद्या मोडताना पाचव्या समूहात तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेले दोघे, त्यांचे जुने लॉगिन तसेच राहिल्याने, यादीत अजून कामावर सापडले.

मग वृद्ध तिच्यापाशी आला. म्हणाला, “मला सातही समूह उघडून दे.”

“काम काय आहे, सर?”

“दुसऱ्यातल्या नोंदी बघायच्यात.”

“मग दुसराच देते. तोही बघण्यापुरता.”

ज्येष्ठांच्या भुवया चढल्या. वृद्ध मात्र आत गेला. इतक्या वर्षांत प्रथमच नोंदीत त्याचं स्वतःचं नाव उमटलं होतं. त्याने ते दोनदा वाचलं आणि समाधानाने कामाला लागला.

विश्वास जरूर ठेवावा. ज्याच्यावर ठेवला, त्याचं नाव लिहून.