भुईचा घास

वाराणसीला कोणी एक राजा गादीवर होता, त्या काळी बोधिसत्त्व रानाकाठच्या एका पाड्याचे नाईक होते. भद्रक त्यांचे नाव.

श्रावणात पाड्यावरची माणसे रानात अळंबी वेचत. रीत अशी, की अळंबे जमिनीसरसे कापायचे आणि बुंधा मातीतच ठेवायचा. तो भुईचा घास. मोठी माणसे पिढ्यान्‌पिढ्यांच्या ठरलेल्या वारुळांवरूनच वेचत, म्हणून त्यांचे निभावले. पोरांना कुठले ठावे! आदल्या साली सुतना नावाच्या बाईचा मुलगा आपण वेचलेली अळंबी खाऊन दगावला. तेव्हापासून पोरांना रान बंद झाले. म्हणजे, मोठ्यांना तसे वाटत होते.

एके सकाळी सुतनेचीच मुलगी कदंबी ओटी लपवत कुंपणातून आत शिरताना नाईकांना दिसली. ओटीत अळंबी होती. नाईक रागावले नाहीत. ती कुठून कापली एवढे विचारून घेतले, अळंबी पुरून टाकली आणि एकटेच तिथे जाऊन आले. परतल्यावर त्यांनी सगळ्यांना सांगून टाकले, "उद्या पोरांना मी रानात नेणार."

सुतना वाटेत आडवी आली. "दादा, एक पोर गेलं माझं. हिला तरी राहू द्या."

"ती चोरून जातेच आहे, सुतने. त्यापेक्षा माझ्या डोळ्यांदेखत जाऊ दे."

"मग मीही येते," सुतना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रानातल्या एका वारुळावर पांढऱ्या छत्र्या उगवल्या होत्या. कदंबीने विळा लावला, तोच नाईकांनी तिचा हात धरला. "कापू नकोस. खण."

"आणि भुईचा घास?"

"भुई कोपली तर माझ्यावर कोपेल."

कदंबीने खणले. लांबलचक मूळ थेट वारुळात गेले होते. मग कदंबीने आदल्या दिवशी जिथून अळंबी कापली होती, त्या झाडाखाली नाईकांनी सगळ्यांना नेले. तिथली छत्री वरून अगदी तशीच होती. खणल्यावर दिसले, की तिचा बुंधा एका पांढऱ्या वाटीत बसला आहे.

"हे विषारी," नाईक म्हणाले. "काल मी खणून पाहिले. याची खूण मुळाशी आहे."

सुतना त्या वाटीकडे बघत राहिली. "माझ्या लेकरानं रीत पाळली होती, दादा," ती म्हणाली. "बुंधा मातीतच ठेवून आला होता."

मग ती डोळे पुसून उठली आणि कदंबीच्या हातातला विळा काढून तिने खणायची काठी दिली. पुढे पाड्याची रीतच झाली. पोरांनी मोठ्यांबरोबर जायचे, अळंबे मुळासकट काढून दाखवायचे, शंका आली तर टाकून द्यायचे, आणि भुईचा घास त्यानंतर पुरायचा. पोरांच्या पुढे सुतना चाले.

संघापुढे ही आपल्या पूर्वजन्मीची कथा सांगून शास्ता भगवान म्हणाले, "नव्या श्रामणेरींना हाताला धरून शिकवणारी, इथे बसलेली ही वृद्ध भिक्षुणी तेव्हाची सुतना. तिची सगळ्यात खोडकर शिष्या ती कदंबी. आणि भद्रक नाईक मीच होतो. भिक्षूंनो, भीतीने दार लावून घेणे सोपे असते. दार उघडून सोबत चालत राहायला जो निश्चय लागतो, त्याला अधिष्ठान म्हणतात."