गार हातांचं मोहन

धारवड्याची खिंड चढून वर आलं की धारजाईचं देऊळ लागतं, आणि देवळापुढे हा काळा कातळ. चपला इथंच काढाव्यात. धर्म म्हणून तर काढाव्यातच, पण कातळ निसरडाही आहे. त्याच्या मधोमध घागरीच्या बुडाएवढा एक खळगा दिसतो, आणि त्या खळग्यातून निघालेला तुळतुळीत पट्टा थेट कड्याच्या टोकापर्यंत जातो. तिथून खाली कोकण. शहाणी माणसं म्हणतात, पाण्यानं झिजलंय. म्हणोत बापडी. पाण्यानं झिजलेल्या दगडावर मुंगी फिरते. या पट्ट्यावर फिरणारी मुंगी गावात कुणी पाहिलेली नाही, कारण चढलीच तर ती अर्ध्या वाटेतून घसरते आणि कोकणात जाऊन पडते.

धारजाईला पौषातल्या पुनवेला रोट चढतो. रोट म्हणजे गूळ घातलेल्या कणकेची, गाडीच्या चाकाएवढी, जाड भाकर. ती शेणींच्या आरात, म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत, पुरून भाजायची. कणकेत आधी मोहन घालायचं, म्हणजे तेल कडकडीत तापवून ओतायचं, की रोट खुसखुशीत होतो. सगळ्या मुलखात हीच रीत आहे. फक्त धारवड्यात मोहनाचं तेल चुलीवर चढवत नाहीत. ते माणसांच्या तळहातांवर वितळवतात. त्याला इथं हातमोहन म्हणतात, आणि ते का, त्याची हकिकत अशी सांगतात.

फार मागं, गावाच्या उगवतीकडच्या रानात करडई होत असे आणि देवीच्या रोटाला त्याच करडईचं तेल जाई. एका साली सगळी करडई माव्यानं खाल्ली. घाण्याचा बैल म्हणे वर्षभर नुसता रवंथ करीत बसला आणि इतका सुटला की पुन्हा घाण्याच्या वाटेत मावेना. पौष जवळ आला, तसा रायाजी पाटील चिंतेत पडला. देवीच्या रोटात काय जातं आणि काय जात नाही, याचा जाब पाटलाच्या माथी असे. त्यानं चावडीवर विचारलं, की तेल कुठून आणायचं?

तेव्हा गोजराई नावाची म्हातारी उठली. तिच्या मुलाचं, सुभानाचं, लग्न नुकतंच झालेलं. सून घाटाखालची, समुद्रकाठच्या रेवली गावची. नाव पुतळा. तिच्या बापाचा खोबऱ्याचा घाणा होता.

"माझी सून आणील तेल," गोजराई म्हणाली. "माझा शबुद."

पुतळा दाराआडून ऐकत होती. तिला कुणी विचारलं नव्हतं, पण तिला बरं वाटलं. या गावात तिला अजून कुणी नावानं हाक मारत नसे. सगळे "घाटाखालची" म्हणत. तेल आणलं की नाव पडेल, असं तिच्या मनात आलं. ती आणि सुभाना घाट उतरून गेले. बापानं कोवळ्या उन्हात वाळवलेलं खोबरं घाण्याला घातलं, तेल गाळलं, मातीच्या घागरीत भरलं, तोंडाला केळीचं पान आणि फडकं बांधलं. ते पाण्यासारखं पातळ, स्वच्छ तेल डोक्यावर घेऊन पुतळा आख्खा घाट चढून आली. नवऱ्यानं घागर मागितली, तिनं दिली नाही. देवीची वस्तू घरात न्यायची नाही, म्हणून संध्याकाळी घागर या कातळावरच ठेवली आणि दोघं घरी गेली.

त्या साली थंडी अशी होती म्हणे, की कोंबडा आरवायला चोच उघडी आणि गार हवा आत गेली की तशीच मिटून घेई. त्यामुळे गाव उशिरा उठे. बायका विहिरीवर पाणी भरायला कमी आणि पाण्यात हात शेकायला जास्त जात. पुनवेच्या सकाळी सगळा गाव देवळापुढे जमला. परातीत कणीक होती, गूळ किसून तयार होता. पाटलानं घागरीचं फडकं सोडलं, आत पाहिलं आणि तो मागं सरला.

घागरीत तेल नव्हतं. पांढरंफेक, घट्ट काहीतरी होतं. पाटलानं बोट घातलं तर बोट आत शिरेना.

धारवड्यातल्या माणसांनी खोबरं पाहिलं होतं, खोबऱ्याचं तेल कुणीच पाहिलं नव्हतं. पांढरा घट्ट पदार्थ त्यांना एकच माहीत होता.

"गोजराकाकू," पाटील म्हणाला, "ही चरबी हाय. तुमच्या सुनंनं देवीच्या रोटाला चरबी आणलीया."

"तेलच हाय, पाटील," सुभाना पुढं झाला. "म्या सोता संगं हुतो."

"तू बायकूचंच वडनार. नवा नवरा तू. गप बस."

लोक हसले, पण ते हसणं लगेच विझलं. पुतळा घागरीकडे बघत राहिली. तिच्या माहेरीही थंडीच्या पहाटे तेल जरा जड व्हायचं, बोट फिरवलं की सैल पडायचं. पण असं दगडासारखं झालेलं तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. तिला तेल ओळखू येईना. खरं सांगायचं तर तिला वाटलं, देवीनंच आपला हात नाकारला. आणि ज्याला मनातून असं वाटतं त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. ती गप्प राहिली. गावानं त्याचा अर्थ लावायचा तो लावला.

पाटील वाईट माणूस नव्हता. पण देवीचं काम होतं, आणि देवीच्या कामात त्याला चूक चालत नसे. त्यानं निवाडा सांगितला. "ही घान जिनं आणली तिनंच आपल्या हातानं कड्याखाली टाकायची. आनि तिच्यामागनं आपुन बी घाट उतरायचा. पुन्हा वर पाय ठेवायचा न्हाई."

गोजराईनं तोंड उघडलं, पण शब्द तिचाच गेला होता. तोंड पुन्हा मिटलं.

घागर बाटली म्हणून पाटलानं तीही दगड मारून फोडायला लावली. ती फुटली, पण सांडलं काहीच नाही. खापऱ्या गळून पडल्या आणि आत दुसरी पांढरी घागर, तशीच पोटाची, तशीच गळ्याची, कातळावर उभी राहिली. पोरं टाळ्या पिटायला लागली, तेव्हा आयांनी त्यांना मागं ओढलं. पुतळानं खुरप्यानं त्या घागरीचे दोन मोठे डिखळे, ढेकळांसारखे तुकडे, काढले, दोन्ही मुठींत धरले आणि ती कड्याकडे चालू लागली.

टोकावरून खालचा मुलूख दिसतो. धुक्यातून माडांच्या शेंड्यांची एक काळी रेघ दिसत होती. त्या रेघेत कुठंतरी बापाचा घाणा होता. बापाला काय सांगायचं, हे तिला सुचेना. तुमचं तेल चरबी निघालं, असं? तिनं हात पुढे केले. मुठी उघडेनात.

"टाक की गं," मागून कुणी बाई म्हणाली. "गारठलो हितं."

पुतळा उभीच राहिली. डिखळे तिनं इतके आवळून धरले, की जणू सोडायला सांगणाऱ्या पाटलाचाच गळा हातात असावा. आणि मग तिच्या मनगटावरून काहीतरी घरंगळलं. बांगड्यांखालून गेलं, कोपरावर आलं आणि टप्पकन कातळावर पडलं. तिनं हात नाकाशी नेला. बापाच्या घाण्याच्या ओसरीत पाय टाकल्यावर येतो, तोच वास आला.

ती गर्रकन वळली. भर गावापुढं, सासूच्या देखत, डोक्यावरचा पदर विसरून, आपल्या माहेरच्या बोलीत ओरडली, "तेलच आसा ता! माझ्या बापाशीन काढलेला तेल आसा! बघा तरी!"

पाटलानं पाहिलं. बाईच्या कोपरावरून थेंब पडत होते, हे त्याला नाकारता येत नव्हतं. पण तो विचारी माणूस होता. "चरबी बी इतळती," तो म्हणाला. "चुलीवर ठिवा, पाघळतीय का न्हाई बघा."

इथं गोजराईला तोंड सापडलं. "चुलीवर ठिवलं तर तू बी पाघळशील, राया. हातावर बघ. तुझ्या गाडीच्या आखाला लावतूस ती चरबी आन. एका हातात ती घे, एका हातात हे घे. एकाच मान्साच्या हातावर निवाडा हू दे."

बोलणं रास्त होतं. गाडीखालचा चरबीचा डबा आणला. पाटलानं डाव्या तळहातावर चरबीची गोळी ठेवली, उजव्यावर पुतळानं आणलेल्या वस्तूची. दोन्ही मुठी मिटल्या आणि तो उभा राहिला. गाव उभा राहिला. बराच वेळ गेला. पाटलानं मुठी उघडल्या.

दोन्ही गोळ्या जशाच्या तशा.

आता इथं पाटलाच्या हातांविषयी सांगायला हवं. रायाजी पाटलाचे हात गार होते. त्यानं शाबासकी म्हणून पाठीवर हात ठेवला तर माणसाला पडसं होई, म्हणून लोक कौतुक लांबूनच करून घेत. लहान मूल मांडीवर दिलं की रडे, म्हणून देणं बंद झालं. होता होता त्याच्या हाताला हात लावणारं माणूसच उरलं नव्हतं. पण हे त्या क्षणी कुणाच्या ध्यानात आलं नाही. लोकांना एवढंच दिसलं, की डावं आणि उजवं सारखंच आहे.

"झालं," पाटील म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता. पुतळानं पदर सावरला आणि ती घाटवाटेकडे निघाली. सुभाना तिच्यामागे निघाला.

"थांबा रं दोघंबी," गोजराई म्हणाली. ती काठी टाकून पाटलापुढं जाऊन उभी राहिली. "राया, तू जनमलास तवा पैली आंघूळ म्या घातली तुला. तवाबी हात असंच, बेडकाच्या पोटावानी. दे हिकडं."

आणि पाटलाला नको म्हणायला वेळ मिळायच्या आत तिनं त्याच्या दोन्ही मुठी गोळ्यांसकट मिटून आपल्या हातांत घेतल्या. जन्मभर भाकरी थापून, तवा हातानंच उतरवून तिचे तळवे असे झाले होते, की त्यांच्यावर पापड भाजावा. लोक म्हणतात, भाजतही असे. तिनं डाव्याला आणि उजव्याला सारखीच ऊब दिली. न्यायाला न्याय.

थोड्या वेळानं उजव्या मुठीच्या बोटांमधून एक बारीक धार सुटली. ती मनगटावरून आत गेली आणि पाटलाच्या बाराबंदीची बाही भिजली. डावी मूठ कोरडीच राहिली. म्हातारीनं ती उघडून दाखवली. चरबीची गोळी बोटांच्या ठशांसकट तशीच बसलेली होती.

गोजराई हात काढून घ्यायला लागली, तेव्हा पाटील अगदी हळू म्हणाला, "काकू, येवढ्यात सोडू नगा."

तिनं सोडले नाहीत. तशाच हातांनिशी पाटलानं मान वळवली आणि घाटवाटेवर थांबलेल्या सुनेला, गावात पहिल्यांदाच, नावानं हाक मारली. "पुतळे, ये पोरी. रोटाला उशीर हुतोय. आता हे कसं वापरायचं ते तूच सांग."

चूल पेटवून तेल तापवत बसायला वेळ नव्हता. सूर्य माथ्यावर यायच्या आत नैवेद्य दाखवायचा होता. मग पुतळानं पांढरी घागर फोडून ज्याच्या त्याच्या हातावर डिखळा ठेवला, आणि सगळा गाव परातीभोवती हात धरून उभा राहिला. शंका घेतलेल्यांचे हात सगळ्यांत पुढे होते. हातांवरून तेल कणकेत गळलं, तेच मोहन झालं. आर लाल फुलला तेव्हा बायका रोट पुरायला निघाल्या. पुतळानं त्यांना थांबवलं, निखाऱ्यावर राख धरू दिली, आणि त्या मंद आरात रोट ठेवला. तो असा झाला, की तोडायला हात लावला आणि त्याचे पापुद्रे सुटले. आधी कधी असे सुटले नव्हते.

उरलेल्या तेलात वडे करायला मात्र जुन्याजाणत्या बायका बसल्या. करडईचं तेल धूर निघेपर्यंत तापवायची त्यांची सवय. पुतळा "जाळ ओढा, जाळ ओढा" म्हणेपर्यंत खोबरेलानं असा धूर सोडला, की देवळातून पुजारी बाहेर आला आणि देवीच्या डोळ्यांना पाणी आलं. खोटं वाटत असेल तर गाभाऱ्याच्या तुळईवर तो काळा डाग अजून आहे. वड्यांचा पहिला घाणा कुत्र्यांनीही खाल्ला नाही. तेव्हापासून धारवड्यात लेकीबाळींना शिकवतात, थिजलं तर हात दे, पातळ झालं तर पीठ दे, धुरावलं तर वाट दे. हे तेलाबद्दल आहे असं बायका सांगतात. पुरुषांना शंका आहे.

कड्यापर्यंतचा हा पट्टा पुतळाच्या कोपरावरून गळलेल्या थेंबांचा, आणि खळगा ती पांढरी घागर उभी होती तिथला, असं मानतात.

आजही पौषी पुनवेच्या आदल्या संध्याकाळी रेवलीहून तेलाची घागर घाट चढून येते. ती एक सूनच आणते आणि वाटेत कुणाला देत नाही. अलीकडे पूर्वीसारखी थंडी पडत नाही. एखाद्या वर्षी तेल थिजतच नाही, तेव्हा घागर रात्रभर जत्रेतल्या कुल्फीवाल्याच्या पेटीत ठेवतात. देवीला कौल लावून विचारलं होतं, तिनं उजवा दिला. सकाळी घागर फोडतात, आणि पहिला डिखळा त्या दिवशी तिथं हजर असेल त्या सगळ्यांत मोठ्या माणसाच्या हातावर ठेवायचा असतो. कधी सरपंच असतो, कधी आमदार, कधी बदली होऊन नुकतेच आलेले कुणी साहेब. तो मूठ मिटून उभा राहतो आणि सगळा गाव त्याच्या कोपराकडे बघत राहतो.

शेजारी एक म्हातारी उभी केलेली असते. लागलीच तर असावी म्हणून.

दरवर्षी लागते.