नावाड्याचं मडकं

फार पूर्वीची गोष्ट. तेव्हा नद्यांवर पूल नव्हते, आणि पलीकडच्या काठावर लेक दिली तरी लोक म्हणत, लांब दिली.

अशाच एका रुंद, संथ नदीवर एक नावाडी होता. त्याचा बाप नावाडी, आजा नावाडी. होडी आजाने बांधलेली. वल्हवणारा मागे जिथे बसतो, तिथेच बाहेरच्या अंगाला बापाने एक मासा कोरला होता. मरताना बाप घरादाराबद्दल काही बोलला नाही. एवढंच म्हणाला, "माशाचा डोळा बुडू देऊ नकोस."

म्हणजे होडीत इतकंच ओझं घ्यायचं, की माशाचा डोळा पाण्याच्या वर राहील. डोळा बुडाला, की थोडासा वारा उठला तरी पाणी आत येतं. बापाच्या वेळी दहा माणसं बसली तरी डोळा कोरडा असे.

त्या नदीकाठची एक रीत होती. कुणी गोड बातमी घेऊन पलीकडे निघालं, कुणाचं लग्न ठरलं, कुणाला बाळ झालं, कुणाच्या विहिरीला पाणी लागलं, तर पहिला गोड घास नावाड्याच्या हातावर ठेवायचा. गोड बातमी कोरड्या हाताने पाण्यावर नेऊ नये, असं म्हातारी माणसं सांगत. दोन्ही काठांना मिळून बातम्यांना तोटा नव्हता. बुंदीचे लाडू येत, अनारसे येत, करंज्या येत. नावाडी खाई, मिशी पुसे आणि वल्हं उचले.

तरुणपणी ते सगळं जिरून गेलं. मग चाळिशी उलटली. घास तेवढेच राहिले, जिरवणारं अंग तेवढं राहिलं नाही. नावाडी हळूहळू भरत गेला, आणि तो जसजसा भरला तसतसा मासा खाली गेला. नावाडी मग आठ माणसं घेऊ लागला, मग सात. उरलेली माणसं काठावर उन्हात बसून पुढच्या खेपेची वाट बघू लागली.

दिवाळी होऊन गेल्यावर पाटील काठावर आले. त्यांनी वाकून मासा पाहिला. सातच माणसं बसली होती, तरी डोळा पाण्यात होता.

"अरे, तुझा मासा आंधळा झाला की," पाटील म्हणाले.

"होडी म्हातारी झाली, पाटील. लाकूड पाणी पितं."

"लाकूड पाणीच पितं. तू काय काय खातोस ते सांग."

पाटील स्वतः काही हलके नव्हते. पण त्यांच्या पोटाखाली होडी नव्हती, म्हणून त्यांचं वजन कुणाला दिसत नव्हतं.

"चैत्रात देवीची जत्रा आहे," पाटील म्हणाले. "त्या दिवशी दहा माणसं बसून डोळा कोरडा दिसला पाहिजे. नाही दिसला, तर वल्हं दुसऱ्याच्या हातात द्यावं लागेल. माझ्या जिवावर आलंय, पण माणसं बुडाली तर मी कुणाला तोंड दाखवू?"

नावाडी घरी आला आणि भिंतीला टेकून बसला. त्याला दुसरं काही येत नव्हतं. शेत नव्हतं, हातात दुसरा धंदा नव्हता. जमिनीवर चालताना त्याला नेहमी वाटे, ही मेली हलत कशी नाही. वल्हं गेलं तर राहिलेला जन्म या न हलणाऱ्या जमिनीवर काढावा लागणार होता.

"आजपासून गोड बंद," तो बायकोला म्हणाला. "जत्रेपर्यंत गुळाचा खडासुद्धा नको."

"मग मलाही नको," बायको म्हणाली. तिने गुळाची ढेप कापडात बांधली आणि वरच्या फळीवर ठेवून दिली. तिला गूळ फार आवडे. तिने तसं बोलून दाखवलं नाही.

दुसऱ्याच दिवशी पलीकडचा एक जावई होडीत बसला. हातात लाडूंची परडी, आणि चेहरा असा की बातमी विचारायलाच नको.

"नावाडीदादा, लेक झाली. पहिलीच. हात पुढं करा."

"नको बाबा. सोडलंय मी."

जावयाचा हात तसाच राहिला. होडीतली माणसं उगाच पाण्याकडे बघू लागली. "माझ्या लेकीच्याच वेळी का सोडलंत?" जावई हळूच म्हणाला.

नावाड्याला ते बघवेना. "दे," तो म्हणाला, "ठेव हातावर. जेवण झाल्यावर खातो." त्याने लाडू घेतला, आणि बसायच्या फळीखाली प्यायच्या पाण्याचं एक रिकामं मडकं होतं, त्यात टाकला.

त्याला वाटलं, झकास. रीतही राहिली आणि नेमही राहिला.

पण मडक्यात लाडू आहे हे ज्याला माहीत असतं, तो दुसरं काही बघू शकत नाही. पलीकडे माणसं उतरली. परतीच्या खेपेला कुणी नव्हतं. नदीच्या मध्यावर, जिथून दोन्ही काठांवरची माणसं मुंगीएवढी दिसतात, तिथे नावाड्याने वल्हं आडवं ठेवलं, मडक्यात हात घातला आणि लाडू दोन घासांत गिळला. लगेच चूळ भरली. काठावर आला तेव्हा लाडू बेसनाचा होता की रव्याचा, हे त्याला सांगता आलं नसतं.

मग तेच होऊ लागलं. माणसांसमोर तो लाडू मडक्यात टाकी आणि माणसं म्हणत, "काय निश्चय आहे दादांचा." नदीच्या मध्यावर तो हात मडक्यात घाली. घरी अर्धी भाकरी खाऊन उठे, म्हणजे बायकोला वाटावं नेम चाललाय. अर्ध्या भाकरीने भूक आणखी खवळे, आणि दुसऱ्या दिवशी हात मडक्यात आणखी खोल जाई. रोज सकाळी तो ठरवी, आज नाही. रोज दुपारी ते मोडे. संध्याकाळी स्वतःला शिव्या घाले, आणि शिव्यांनी मन कडू झालं की पुन्हा गोडाचीच आठवण येई.

तो फार थकला. जन्मभर वल्हं मारून तो कधी असा थकला नव्हता. हा थकवा हातांतला नव्हता. दिवसभर स्वतःला नको म्हणायचं, मग स्वतःपासूनच लपून हो म्हणायचं, आणि पुन्हा हसऱ्या तोंडाने काठावर यायचं. या खेपा कुणाला दिसत नव्हत्या, आणि त्यांचा पलीकडचा काठही येत नव्हता.

मासा वर येईना. नावाड्याने होडी ओढून काठावर वाळवली, फटी बुजवल्या. तरी येईना. मग तो उतारूंवर चिडू लागला.

"तुझी टोपली जड आहे," तो कासारणीला म्हणाला.

"जाताना बांगड्यांनी जड असते, येताना रिकामी असते," कासारीण म्हणाली. "तुझा मासा मात्र जाता-येता बुडालेलाच. तो काय माझ्या टोपलीमुळे?"

माघातल्या एका दुपारी होडी सुटायच्या बेतात होती. माशाचा डोळा पाण्याला टेकला होता. एवढ्यात गावची म्हातारी सुईण काठी टेकत उतारावरून आली.

"थांब रे. पलीकडे कुंभाराच्या सुनेला कळा लागल्यात."

"आजी, जागा नाही. पुढच्या खेपेला नेतो."

"मी थांबेन रे. येणारं थांबेल का, ते जाऊन विचार त्याला."

एक गुराखी मुकाट्याने उतरला. सुईण नावाड्याजवळ जाऊन बसली आणि होडी निघाली. मध्यावर पोहोचतात तोच वारा फिरला. पहिली लाट मागच्या कडेवरून आत आली, मग दुसरी. कासारणीने टोपली उराशी धरली. कुणीतरी देवीचं नाव घेतलं.

"पाणी उपसा," सुईण म्हणाली. "फळी उचला. भांडं आहे का काही?"

"नको," नावाडी म्हणाला, पण एका उतारूने फळी उचललीसुद्धा आणि खालचं मडकं बाहेर काढलं. ते उपडं करायला गेला तर करता येईना. मडकं गळ्यापर्यंत भरलेलं होतं. वर बुंदीचे लाडू, मधे करंज्या, खाली अनारसे. तळाशी कशाचं काय ते ओळखू येत नव्हतं.

मग सगळ्यांनी पागोट्यांनी आणि ओंजळींनी पाणी उपसलं. वारा पडला. बांगड्या ओल्या झाल्या, पण होडी तरली.

आता सगळे मडक्याकडे बघत होते. नावाड्याला वाटलं, लाटेने आपल्याला नेलं असतं तर बरं झालं असतं.

"फेकून द्या नदीत," तो म्हणाला. "मी खोटा आहे. मी रोज चोरून खातो. तरी संपत नाही आणि तरी पोट भरत नाही."

"गप बस," सुईण म्हणाली. तिने मडकं मांडीवर घेतलं. खराब झालेलं निवडून माशांना टाकलं. चांगलं होतं त्यातला एकेक नग एकेकाच्या हातावर ठेवला. "खा. भ्यालेल्या माणसाने गोड खावं." मग एक लाडू तिने मोडला, आणि त्यातला चतकोर नावाड्यापुढे धरला. "हा तुझा. वल्हं ठेव खाली. पलीकडे जायची कुणाला घाई असेल तर ती मला आहे, आणि मी थांबते. चावून खा."

सगळ्यांच्या देखत नावाड्याने तो चतकोर तोंडात घातला. त्याला पळायला जागा नव्हती, म्हणून तो हळूहळू चावत राहिला.

"यात वेलदोडा आहे," तो थोड्या वेळाने म्हणाला. त्याच्या आवाजात नवल होतं. दिवाळीपासून इतकं खाल्लं, पण चव त्याला आज पहिल्यांदा कळली होती.

"असणारच," सुईण म्हणाली. "ज्याने दिला त्याने घातला होता."

"पण आजी, वजन होडीतच राहिलं. मी खाल्लं काय आणि यांनी खाल्लं काय."

"वेडा आहेस. यांच्या पोटातलं आता पलीकडे उतरून आपापल्या घरी जाईल. तुझ्या पोटातलं उतरतं का कुठे? रीत सांगते, गोड हातावर घ्यावं. सगळं एकट्याने गिळावं असं रीत कधी म्हणाली?"

होडी काठाला लागली. सुईण वेळेवर पोहोचली.

घरी आल्यावर नावाड्याने बायकोला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"कसं?"

"अर्ध्या भाकरीवर राहणाऱ्याच्या मिशीला तूप कुठून लागायचं?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही तोंड धुऊन येत होतात. मला वाटलं, लाज शिल्लक आहे, म्हणजे माणूस येईल परत." भाकरी तव्यावर टाकत ती म्हणाली, "मी मात्र खरंच नाही खाल्ला हो गूळ."

ते ऐकून नावाड्याला जेवण जाईना. त्याने उठून फळीवरची ढेप काढली, एक खडा फोडला, त्याचे दोन केले आणि एक तिच्या हातावर ठेवला. दोघं चुलीपुढे बसून तो खडा विरघळेपर्यंत चघळत राहिली. त्या दिवसापासून तो भाकरी पोटभर खाऊ लागला.

दुसऱ्या दिवशी कुंभार स्वतः पेढे घेऊन आला. नातू झाला होता. नावाड्याने पेढा हातावर घेतला, सगळ्यांना दाखवला, मोडला आणि होडीत फिरवला. शेवटी जो कण उरला तो त्याने सावकाश खाल्ला. मडकं बायकोने घासून घेतलं आणि त्यात पुन्हा पाणी भरून ठेवलं.

काही चमत्कार झाला नाही. कधी एखाद्या दिवशी त्याने मोठा तुकडा ठेवून घेतला. होळीला तर दोन पुरणपोळ्या खाल्ल्या, पण अंगणात बसून, शेजाऱ्यांशी बोलत. मासा एकदम वर आला नाही. गवत वाढताना जसं दिसत नाही, पण वाढलेलं दिसतं, तसा तो आला.

चैत्र उजाडला. जत्रेच्या सकाळी काठावर ही गर्दी. पाटील फेटा बांधून उभे होते. एकेक करून नऊ माणसं बसली. सगळे वाकून बघत होते. माशाचा डोळा कोरडा होता.

"दहावा मी," पाटील म्हणाले. मानाची जागा नावाड्याशेजारची, म्हणून ते तिथे येऊन बसले.

होडी मागे दबली. माशाचा डोळा पाण्यात गेला.

लोकांनी आधी पाण्याकडे बघितलं, मग नावाड्याकडे, मग हळूहळू पाटलांकडे. कासारणीने पदर तोंडाला लावला.

पाटील बराच वेळ डोळ्याच्या जागेकडे बघत बसले. मग उठले आणि काठावर उतरले. डोळा पुन्हा वर आला, थेंब गाळत. त्यांच्या जागी सुईण येऊन बसली, आणि दहा माणसं मोजून डोळा कोरडाच राहिला.

"वल्हं तुझ्याकडेच राहू दे," पाटील म्हणाले. मग जरा जवळ येऊन त्यांनी आवाज खाली आणला. "काय रे, गोड अगदी जपून खातोस का?"

"जपून नाही, पाटील," नावाडी म्हणाला. "उघड्यावर खातो."

पाटलांनी मान हलवली. त्यांच्या फेट्याच्या टोकात काहीतरी गोल बांधलेलं होतं. त्यांनी गाठ सोडली, तो लाडू सुईणीच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "मोडा. सगळ्यांना पुरवा."

नावाड्याने त्या दिवशी अंधार पडेपर्यंत खेपा घातल्या. तो दमला. पण हे दमणं हातांचं होतं, आणि ते पाठ टेकताच उतरलं.

लपून गिळलेलं नुसतं अंगावर चढतं. चारचौघांत वाटून खाल्लेल्या कणानेही मन भरतं.