दिव्यावरची टिकली

माजी सभापती रंगरावांचा शब्द गावात कुणी खाली पडू देत नसे. त्यांच्या गाडीतला इंजिनचा दिवा मात्र मनाला येईल तेव्हा लागायचा आणि विझायचा. रंगरावांनी बायकोची टिकली घेऊन त्यावर चिकटवली. झाला बिघाड दुरुस्त! मोठ्या माणसांची अक्कलही मोठी.

पुढे घाटात गाडी धूर ओकून बंद पडली. मिस्त्री म्हणाला, "साहेब, पाणी गळत होतं. चढावर इंजिन तापलं की दिवा लागायचा, निवलं की विझायचा. आता इंजिनच गेलं."

"मग मेला दिवा सारखा का नाही लागला?" रंगराव गरजले.

मागच्या सीटवरून त्यांची बायको इंदूबाई म्हणाल्या, "सारखा लागला असता, तर त्याला खोडच आहे, असं तुम्ही म्हणाला असतात. आपली शकू सासरहून अधूनमधून रडत फोन करायची, तर म्हणालात, संसारात चालायचंच. वर फोन करू नकोस म्हणून दटावलंत. ती तुमची पहिली टिकली!"

गाडी तिथेच सोडून दोघं एसटीने शकूच्या गावी गेली.

वडिलांना दारात बघून शकू आत वळली. तिने माळ्यावरून पिशवी काढली. पिशवी कपड्यांनी भरलेलीच होती, आणि तिच्यावर धूळ बसली होती.