आडखोलची मूठभेट

आडखोलच्या खाडीवर होड्या बांधण्याचा कारखाना आहे. दसऱ्याला तिथे हत्यारांची पूजा झाली की कामगार एकमेकांना भेट देतात. भेट स्वतःच्या हातची हवी आणि मुठीत मावेल एवढीच हवी. ती दोन्ही हातांनी द्यायची, आणि कारखान्यातला सर्वांत मोठ्या हुद्द्याचा माणूस सर्वांत खालच्या कामावरच्या माणसाकडे आधी जातो. बाहेरगावचे पाहुणे याचं कारण विचारतात, तेव्हा कारखान्यातले जुने कामगार पुनाजी तांडेल त्यांना खाडीकाठच्या कट्ट्यावर बसवतात आणि येसूची गोष्ट सांगतात.

फार मागची गोष्ट. तेव्हा इथे मोठी गलबतं बांधली जात. येसूचा नवरा फळ्यांच्या फटींत कापूस ठासायचं काम करी. तो तापाने गेला आणि त्याच्या जागी येसू कामावर आली. पन्नास पुरुषांत ती एकटी बाई. फट बुजवावी तर येसूनेच, असं म्हणे पुढे बंदराबंदरांत बोललं जाई.

अंतोबा मेस्त हे तिथले मुख्य सुतार. मनाने उदार, पण आपलं औदार्य चारचौघांना दिसावं अशी हौस. एका दसऱ्याला त्यांनी प्रत्येकाला तांब्याचा लोटा दिला. मग हाताखालचे सुतार मागे कसे राहणार? कोणी उपरणी वाटली, कोणी पितळी समया. एकाने तर दारची दुभती शेळी विकली म्हणतात. येसूने आपल्या वेलावरची तवशी, म्हणजे काकड्या, आणल्या होत्या, प्रत्येकाला एक. लोटे आणि समयांच्या शेजारी ती हिरवी तवशी पाहून दोघेतिघे हसले. त्या दिवशी येसूने भाकरी सगळ्यांपासून लांब, किनाऱ्यावर बसून खाल्ली.

पुढच्या दसऱ्याला नव्या गलबताची डोलकाठी उभी करायची होती. दुपारचा मुहूर्त होता आणि दोरांवर सगळे पन्नास जण हवे होते. सकाळी पूजा झाली, भेटी झाल्या. येसू त्याही वर्षी तवशी घेऊन आली. मान वर ठेवून तिने ती वाटली. पण पाच जण आलेच नाहीत. आजारी आहेत, असा निरोप आला.

मुहूर्त टळू नये म्हणून अंतोबांनी आहेत तेवढ्यांना दोरांवर उभं केलं. काठी अर्ध्यावर गेली आणि डाव्या अंगाचे दोर सुटू लागले. खाली चौघे होते, त्यांत येसूही होती. अंतोबांनी धावत जाऊन बुंध्याखाली लाकडी पाचर घातली आणि हाताने दाबून धरली. काठी थांबली. चौघे बाहेर निघाले. मेस्तांच्या उजव्या हाताची तीन बोटं मात्र गेली.

पट्टी बांधून घेताना अंतोबा म्हणाले की त्या पाच जणांना उद्यापासून कामावर घ्यायचं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. येसूला त्यातल्या एकाची बायको विहिरीवर भेटली होती, तिने खरं काय ते सांगितलं होतं. ती पुढे झाली.

“मेस्तबाबा, ते आजारी नाहीत. त्यांच्यापाशी द्यायला काही नव्हतं, म्हणून तोंड लपवून घरी बसलेत. मीही बसणार होते.”

अंतोबांनी आपल्या बांधलेल्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाले, “लोटे मी आणले, येसू. हे सगळं माझ्यापासून सुरू झालं.”

त्याच संध्याकाळी अंतोबा त्या पाचही जणांच्या घरी गेले, असं सांगतात. कोणाला रागावले नाहीत. उद्या काठी उभी करायची आहे, या, एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी पन्नास जणांनी दोर ओढले आणि काठी उभी राहिली.

ज्याच्या हाताने गलबतं घडली, तो माणूस त्यानंतर वर्षभर डाव्या हाताने पटाशी धरायला शिकत होता. लोकांना वाटलं, वेळ घालवतायत. पुढच्या दसऱ्याला पूजा होताच अंतोबा उठले आणि सगळ्यांना ओलांडून येसूसमोर आले. दोन्ही हातांनी, अधू हात खाली धरून, त्यांनी तिला फणसाच्या लाकडाची एक छोटी पळी दिली.

“वाकडी झालीय, बाय. चालेल?”

येसूने ती उलटीसुलटी करून पाहिली. एखादी फळी पारखावी तशी.

“चालेल,” ती म्हणाली. “हातची आहे.”

मग अंतोबांनी प्रत्येकाला अशी एकेक पळी दिली, आणि यापुढे भेट अशीच, असा शब्द सगळ्यांकडून घेतला.

आता गलबतं राहिली नाहीत, फायबरच्या होड्या बनतात. गेल्या दसऱ्याआधी कारखान्याचे प्रमुख म्हणून शहरातून आलेल्या इंजिनिअर साहेबांनी सुक्यामेव्याचे डबे मागवले होते. त्यांना कोणी हसलं नाही. पुनाजींनी बाजूला नेऊन रीत सांगितली. साहेबांनी आठवडाभर पहारेकऱ्याकडून दोराच्या गाठी शिकून घेतल्या आणि दसऱ्याला पहिली गाठ झाडलोट करणाऱ्या सुगंधाबाईंच्या हातात दिली. जरा सैलच होती.

पुनाजी हे सांगून थांबतात, आणि पाहुण्यांना कारखान्याची हजेरीची वही दाखवायला नेतात. आजही आडखोलात दसऱ्याच्या दिवशी कोणी घरी राहत नाही.