दुसरा नट

“जोर लावायचा नाही, तर हा नट सुटायचा कसा, चाचा?”

विश्रामने विचारले खरे. परंतु त्याची मान वर झाली नाही.

वेंगुर्ल्याच्या बंदराजवळ दाऊदचाचांचे मोटारसायकल दुरुस्तीचे दुकान होते. विश्राम तोरसकर त्यांच्याच हाताखाली तयार झाला होता. आपल्या मनगटापुढे कोणताही नट टिकत नाही, असे तो बंदरभर सांगत असे.

कोपऱ्यातील जुनी मोटारसायकल मात्र चाचांची स्वतःची. मागच्या सीटवर बसणारी खतिजाचाची गेल्यापासून तिला कोणीही हात लावला नव्हता. खाऱ्या वाऱ्याने तिचा सायलेन्सर गंजून गेला होता.

त्या दुपारी चाचा जुम्म्याच्या नमाजाला गेले होते. ते परतण्यापूर्वी गाडी सुरू करून त्यांना आनंद द्यावा, या हेतूने विश्राम सायलेन्सर काढू लागला. इंजिनापाशी तो दोन नटांनी धरलेला होता. पहिला हलेना. विश्रामने पान्याला लांब पाइप जोडला आणि सारे अंग टाकले.

नट स्टडसकट, म्हणजे इंजिनातून आलेल्या आट्यांच्या दांडीसकट तुटला.

चाचा दारात उभे होते.

“दुसराही असाच तुटला, तर?”

“इंजिनाचं तोंड जाईल.”

“नवं मिळतं?”

“या गाडीचं... आता नाही मिळत.”

चाचा त्याच्याशेजारी जमिनीवर बसले. पाइप काढून त्यांनी दूर ठेवला. दुसऱ्या नटावर तेल सोडले. चहा मागवला. तो पिऊन झाला, तेव्हा पुन्हा तेल सोडले.

“आता आवळ.”

“आवळू? चाचा, सोडवायचाय ना?”

“केसभर आवळ.”

चाचांनी आपला तळवा त्याच्या मुठीवर ठेवला. पाना किंचित फिरला. आत गंजाची बारीकशी कुरकुर झाली...

“आता सोड.”

नट थोडा सुटला आणि अडला. विश्रामचा दंड फुगला.

“हत्तीचं बळ पुरे! पुन्हा आवळ.”

“अहो, बाहेर आलेला परत आत घालवू?”

“घाई तुला आहे. त्याला नाही.”

थोडे मागे, थोडे पुढे, मधूनमधून तेल... ऊन उतरले, तेव्हा नट विश्रामच्या ओंजळीत पडला. आटे शाबूत होते.

तो हसला नाही.

“मला ओरडा ना, चाचा. चाचींची आठवण होती ती, आणि मी...”

“तुटलेला स्टड उद्या काढू.”

“तुम्ही काढा. माझा हात नको त्या गाडीला.”

चाचांनी त्याचा तेलकट हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

“गाडी सुरू झाली की चालव तू. मी मागे बसेन.”