बुवांचं ताक

"नऊ हजार माणसं आज बाहेर काढणार म्हणतोस... आणि त्यांनी केलं काय?"

"काहीच केलं नाही, बुवा. तोच तर त्यांचा गुन्हा."

निरंजनबुवांनी पत्रावळीला बांबूची चोय टोचली, पान फिरवलं, दुसरी टोचली. वारणेकाठच्या त्या लहानशा मठात दर गुरुवारी दुपारची पंगत असे, आणि सत्तरी उलटली तरी पत्रावळी लावायचं काम बुवांनी दुसऱ्या कोणाला दिलं नव्हतं.

दिगंबर समोर मांडी घालून बसला होता. बोलताना अडखळणाऱ्या माणसांसाठी तो मोबाइलवर एक समूह चालवी. सभासद अकरा हजार. नियम एक्केचाळीस. आभार कसे मानावेत, याचासुद्धा एक नियम होता.

तो स्वतः एके काळी असा अडखळे की, रेशनच्या दुकानात त्याचं नाव सांगून होईपर्यंत मागचा माणूस साखर घेऊन घरी पोचलेला असे. आता तो व्यासपीठावरून बोलायचा, आणि त्याला थांबवायला आयोजकांना तीन तीन चिठ्ठ्या पाठवाव्या लागत.

"याचं शास्त्र आहे, बुवा. शंभरांत एक माणूस बोलतो, नऊ जण त्याची री ओढतात, उरलेले नव्वद नुसते बघतात. माणसं वाढली की जो तो म्हणतो, दुसरा करील. याला सामाजिक आळस म्हणतात."

"नाव बरं शोधलंय."

"एकाला गप्प बसू दिलं की तीच रीत पडते. म्हणून नियम केला. दर आठवड्याला आपल्या आवाजात अर्धं मिनिट बोलून पाठवायचं. सहा महिने ज्यानं पाठवलं नाही, तो आज संध्याकाळी पाच वाजता बाहेर. तशी सूचना लावलीय."

बुवांनी पुढचं पान घेतलं.

"गप्प बसणारा जागा अडवतो तुझी?"

"जागा... तशी लागत नाही. ते सगळं हवेतच असतं."

"मग जेवतो फार?"

दिगंबर हसला नाही.

"नऊ हजार माणसं एका ठिकाणी गप्प," बुवा म्हणाले. "आणि मी इथं चाळीस जणांना गप्प बसवता बसवता म्हातारा झालो... मोठा झालास रे, दिगू."

दिगंबरला हे कौतुक वाटलं. आशीर्वाद घ्यायला तो वाकला.

"आधी जेव. आशीर्वाद उपाशीपोटी बाधतो."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून सखूबाईचा आवाज आला. मठाची चूल तीस वर्षं तिच्या ताब्यात होती, आणि थोडेफार बुवाही.

"बुवा, आज ताक घुसळू का नगं? वैद्यानं तुमच्या खोकल्यापायी ताक बंद केल्यालं. तरी पंगतीत बोंब मारून मागताय आन् द्रोण हाय तसा सोडताय. शेवटी गाईच्या पुढ्यात ओतती मी."

"घुसळ, सखू. गाईलाही तहान असते."

पंगत बसली.

दिगंबरच्या डाव्या हाताला तिशीतला एक माणूस होता. गळ्यात शिंप्याचा टेप तसाच राहिला होता. त्याने दिगंबरकडे बघितलं, दचकला, पुन्हा बघितलं. मग खिशातून मोबाइल काढून पुढे धरला. पडद्यावर दिगंबरचाच फोटो होता. समूह त्याचाच.

"अरे वा! नाव काय आपलं?"

"क्... क्... क्..."

"कृष्णात त्यो," मीठ वाढत आलेल्या सखूबाईने सांगून टाकलं. "वरच्या वाडीचा शिंपी. लई ग्वाड माणूस."

दुसऱ्याचा अडलेला शब्द आपण पुरा करू नये, हा दिगंबरचा नियम नववा. पण सखूबाई सभासद नव्हती.

कृष्णातने बोटाने मोबाइलवर काहीतरी दाबलं, आवाज बारीक केला आणि तो दिगंबरच्या कानाशी नेला. आत दिगंबर बोलत होता. तीन वर्षांपूर्वीचं बोलणं, समूह नुकताच सुरू झाला तेव्हाचं. "मीही असाच होतो," असं काहीतरी. कृष्णातने ते जपून ठेवलं होतं.

मग त्याने पाच वाजताची सूचना दाखवली. बोट सूचनेवर ठेवलं, मग स्वतःच्या छातीवर. हसला... आणि दोन्ही हात जोडून कपाळाला लावले.

तो तक्रार करत नव्हता. जाण्याआधी आभार मानत होता.

आभार मानण्याच्या नियमात हे बसत नव्हतं. दिगंबरने मान खाली घातली.

वरणभात वाढून झाला आणि श्लोक सुरू झाले. मठाची रीत जुनी होती. एकाने श्लोक म्हणायचा, सगळ्यांनी गजर करायचा, मग शेजारच्याने पुढचा उचलायचा. श्लोक पंगतीच्या टोकापासून सरकत सरकत आला, आणि कृष्णातपाशी थांबला.

"क्..."

चाळीस हात भातावर थांबले.

"क्... क्..."

कृष्णातचा गळा ताणला गेला. कान लाल झाले. कोणीतरी उगाच खाकरलं...

"ताक आणा रे, ताक!" पंगतीच्या टोकाहून बुवा ओरडले.

"आत्ता? अवो, वरणभाताला अजून हात न्हाई लागला!"

"तहान लागलीय, सखू. वाढ सगळ्यांना."

मग नेहमीचा गोंधळ उडाला. बादली आली, पळी बादलीत पडली, कोणाला अर्धाच द्रोण हवा होता, कोणाचा कलंडला, सखूबाई सगळ्यांच्या पूर्वजांची आठवण काढत पुढे गेली. कृष्णातवरची पाळी त्या ताकात कुठे वाहून गेली, ते कोणालाच कळलं नाही.

दिगंबरचा घास हातातच राहिला.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी तो याच पंगतीत बसे. आणि पहिल्या दोन वर्षांत त्याच्यावर श्लोकाची पाळी एकदाही आली नव्हती. आपलं नशीब थोर, एवढंच तो समजला होता. बुवांच्या भलत्या वेळच्या ताकाची सगळे टिंगल करीत, तोही करी. पुढे भाषणांतसुद्धा सांगे, "माझ्या गुरूंना व्यसनं दोनच, देव आणि ताक." लोक हमखास हसत.

तिसऱ्या वर्षी एका गुरुवारी तो आपण होऊन श्लोक म्हणाला होता. आख्खा. त्या दिवशी ताक मध्येच आलं होतं का, हे त्याने आजवर कधी आठवून पाहिलं नव्हतं.

आलं नव्हतं.

त्याने पंगतीच्या टोकाकडे बघितलं. बुवा भात कालवत होते. त्यांचा द्रोण काठोकाठ भरलेला होता.

पंगतीत मोबाइल काढू नये, हा मठाचा एकुलता एक नियम. दिगंबरने उष्टा हात पत्रावळीवर धरला आणि डाव्या हाताने मोबाइल काढला. आधी सूचना पुसली. मग अर्ध्या मिनिटाचा नियम पुसला. एक्केचाळीसचे चाळीस झाले. मग दोन ओळी लिहून पाठवल्या: कोणीही जाणार नाही. बसा.

कृष्णातच्या खिशात काहीतरी थरथरलं.

बुवांनी हे सगळं पाहिलं, आणि ते लगेच लोणच्याची फोड शोधू लागले.

गोंधळ निवला.

"हां, आता आपले वक्ते!" समोरच्या ओळीतून कोणीतरी म्हणालं. "होऊ द्या खणखणीत!"

चाळीस तोंडं दिगंबरकडे वळली. कृष्णातचंही.

दिगंबरला शंभर श्लोक पाठ होते. त्याने तोंड उघडलं. शब्द वर येईना... डोळ्यांपुढची पत्रावळ पुसट झाली. पंगत थांबली होती.

बुवांनी आपला भरलेला द्रोण हळूच पत्रावळीआड सरकवला.

"सखू... ताक आण गं. आज पुरतच नाही बघ मला."